दार पेशीचे, रक्त कोणाचे?

विषाणूने माणूस मेला, असे आपण सहज बोलून जातो. परंतु विषाणूजवळ स्वतःचे असे असते तरी काय? त्याला खाणे नाही, पिणे नाही, श्वास नाही, आपल्यासारखा दुसरा निर्माण करण्याची स्वतःची ताकद नाही. वारशाचा थोडासा मजकूर आणि त्याभोवती प्रथिनांचे वेष्टण, एवढाच त्याचा संसार. तो कपड्यावर, भांड्यावर पडून राहिला तर काही काळाने आपोआप निकामी होतो. त्याचा सगळा गुन्हा घडतो तो आपल्या पेशीच्या आत शिरल्यानंतर. म्हणूनच जगातील काही शास्त्रज्ञ एकाच प्रश्नाच्या मागे उभे आयुष्य लावतात. हा आत शिरतो कसा? दार कोणते, आणि आतली कडी कोण काढतो?

डॉ. कार्तिक चंद्रन हे त्यांपैकी एक. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागातील अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये त्यांची प्रयोगशाळा आहे. इबोला, हंता यांसारखे नव्याने उद्भवणारे, जंगलातून व जनावरांतून माणसात येणारे विषाणू पेशीत कसे घुसतात, हा त्यांचा विषय. जाता जाता या महाविद्यालयाविषयी एक बाब नमूद केली पाहिजे. ते १९५५ साली सुरू झाले. त्याआधीच्या दशकांत अमेरिकेतील अनेक वैद्यकीय महाविद्यालये ज्यू विद्यार्थ्यांना मोजूनमापून प्रवेश देत, काळ्या विद्यार्थ्यांची तर गोष्टच नको. सर्व धर्मांच्या व सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना येथे दार खुले राहील, या भूमिकेचे स्वागत करून आइन्स्टाइन यांनी १९५३ मध्ये आपले नाव या महाविद्यालयाला देण्यास संमती दिली. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या दाराबाहेर उभ्या राहण्यात गेल्या, त्या आपल्या वाचकांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, हातावर पोट असलेल्या माणसाला पेशीच्या दाराशी काय कर्तव्य? हे उच्चभ्रूंचे चोचले. असे म्हणणाऱ्याने कोरोना आठवावा. २००३ साली सार्सची साथ आली तेव्हा अमेरिकेत मायकेल फर्झान यांच्या प्रयोगशाळेने तो विषाणू मानवी पेशीवरील एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरून आत शिरतो हे शोधून काढले. साथ काही महिन्यांत ओसरली, वर्तमानपत्रांचे लक्षही ओसरले. परंतु नोंद राहिली. २०२० मध्ये नवा कोरोना आला तेव्हा तो त्याच दाराने येतो हे समजायला वर्षे लागली नाहीत, काही आठवडे पुरले. ज्या काट्याने विषाणू ते दार पकडतो, तोच काटा बहुतेक लसींचे लक्ष्य ठरला. सतरा वर्षांपूर्वीचे ते ‘चोचले’ कामाला आले ते असे.

मी पेशाने वकील. प्रयोगशाळेचे शास्त्र मला कोणी शिकवले नाही. परंतु पुरावा कशाला म्हणावे, संशय कोठे संपतो आणि शाबिती कोठे सुरू होते, यातच आयुष्याची बरीच वर्षे गेली. त्या नजरेने चंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे इबोलावरील काम वाचले तेव्हा एखाद्या निष्णात तपास अधिकाऱ्याचे दोषारोपपत्र वाचावे तसे ते वाटले. आमच्या न्यायालयांत अशी दोषारोपपत्रे क्वचित येतात, हा भाग निराळा.

विषाणू दार फोडून आत येतो असा सर्वसाधारण समज असतो. इबोलाचे तसे नाही. आपली पेशी बाहेरचे द्रव आणि बारीकसारीक कण सतत गिळत असते. इबोला तिच्या तोंडी जाऊन स्वतःला गिळवून घेतो. गिळलेला माल एका पिशवीत बंद होतो, ती पिशवी आत आत सरकते, तिच्यातील आम्लता वाढत जाते आणि कात्रीसारखी विकरे आपले काम सुरू करतात. पेशीची ही कचरा जिरवण्याची जागा. शत्रूचा शेवट येथेच व्हायला हवा. २००५ साली, हार्वर्डमध्ये जेम्स कनिंगहॅम यांच्या प्रयोगशाळेत काम करत असताना, चंद्रन यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की येथे शेवट होत नाही, येथूनच सुरुवात होते. कॅथेप्सिन नावाची विकरे इबोलाच्या काट्यावरचे जाड आवरण कापून काढतात आणि त्याखाली दडवलेला भाग उघडा पडतो. ज्या पहारेकऱ्याने शत्रूला कापायचे, तोच शत्रूची तलवार म्यानातून बाहेर काढून देतो.

पण मग ती उघडी झालेली तलवार नेमके कशाला भिडते? यासाठी आणखी सहा वर्षे लागली, आणि शोधाची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. माणसाच्या पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडवली तरी दुसरी काम चालू ठेवते, त्यामुळे गुन्ह्यात कोणाचा हात आहे ते उघडकीला येत नाही. रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या पेशींमध्ये मात्र बहुतेक सर्व जनुकांची एकच प्रत होती. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, पुढे त्यांच्यापासून आणखी एक वाण तयार करण्यात आला. नेदरलँड्सचे थाइन ब्रुमेलकाम्प यांनी अशा कोट्यवधी पेशींमध्ये, प्रत्येकीत वेगवेगळे जनुक बंद पाडण्याचे तंत्र बसवले. चंद्रन, ब्रुमेलकाम्प, हार्वर्डचे शॉन व्हेलन आणि इतरांनी मिळून त्या पेशींवर विषाणू सोडला. खरा इबोला नव्हे. गुरांच्या तोंडाला फोड आणणारा एक विषाणू घेऊन त्याला इबोलाचा काटा बसवलेला. ज्या पेशी शिरकाव होऊ देतील त्या मरणार. ज्या जगतील त्यांच्यात नेमके काय मोडलेले आहे ते पाहायचे.

जगलेल्या पेशींमध्ये एक नाव पुन्हा पुन्हा आले. एनपीसी-१. आणि त्याच सुमारास कनिंगहॅम यांच्या प्रयोगशाळेला, अगदी वेगळ्या वाटेने, इबोलाला अडवणारी रसायने तपासताना, तेच नाव सापडले. ऑगस्ट २०११ मध्ये दोन्ही निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात बरोबरच प्रसिद्ध झाले. दोन स्वतंत्र साक्षीदार एकाच आरोपीकडे बोट दाखवतात तेव्हा न्यायाधीशही लेखणी थांबवून वर पाहतात.

तरीही उलटतपासणी बाकी होती. एनपीसी-१ हजर होता एवढ्याने तो दोषी ठरत नाही. घटनास्थळी हजर असणे वेगळे आणि हात असणे वेगळे. म्हणून मेरीलँडमधील फोर्ट डेट्रिक येथे, कडेकोट बंदोबस्ताच्या लष्करी प्रयोगशाळेत, खऱ्या इबोलावर चाचण्या झाल्या. ज्या उंदरांमध्ये या जनुकाची एकच प्रत चालू होती ते बहुतेक वाचले, दोन्ही प्रती शाबूत असलेले मेले. पुढे २०१२ मध्ये चंद्रन यांच्या प्रयोगशाळेने शेवटचा खिळा ठोकला. घोणस सापाच्या पेशीत इबोला शिरू शकत नाही. त्या पेशीत माणसाचे एनपीसी-१ घातले आणि इबोला आत शिरला. मोडले तर दार बंद, बसवले तर दार उघडे. याहून स्वच्छ शाबिती मी फारशी पाहिलेली नाही.

हे एनपीसी-१ काही विषाणूच्या सोयीसाठी नाही. पेशीच्या आत कोलेस्टेरॉलची ने-आण करणे हे त्याचे रोजचे काम. ते जनुक दोन्ही पालकांकडून बिघडलेलेच आले तर मुलाला निमन-पिक टाइप सी हा आजार होतो. साधारण लाखात एखाद्या मुलाच्या वाट्याला येणारा. मूल धड जन्मते, चालू लागते, बोलू लागते, शाळेत जाते. मग हळूहळू पाय अडखळू लागतात, जीभ जड होते, घास गिळता येईनासा होतो, आई-बापांची ओळख पुसत जाते. लहानपणी सुरू झालेल्या या आजारात बरीच मुले विशीच्या आत जातात. अमेरिकेतील नामांकित फुटबॉल प्रशिक्षक आरा पार्सेघियन यांच्या तीन नातवंडांना हा आजार निघाला. त्यांनी १९९४ मध्ये संस्था काढून संशोधनासाठी पैसा उभा केला आणि १९९७ मध्ये हे जनुक सापडले. तेव्हा इबोलाचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. मरणाऱ्या मुलांना वाचवावे एवढाच हेतू होता.

अशा मुलांच्या त्वचेतून घेऊन जपून ठेवलेल्या पेशी चंद्रन आणि सहकाऱ्यांनी बाहेर काढल्या आणि त्यांच्यावर विषाणू सोडला. तो शिरू शकला नाही. जो दोष त्या मुलांचा जीव घेतो तोच दोष इबोलाला दाराबाहेर ठेवतो. यात कोणी ईश्वरी न्याय शोधू नये, तसे काहीही नाही. एक प्रथिन आहे, त्याचे एक काम आहे, आणि एक घुसखोर त्याचा गैरफायदा घेतो. कारण कळले की भीती कमी होते, आणि कारण शोधूनच काढावे लागते.

कुलूप आत आहे हे कळल्यावर औषध करणाऱ्यांपुढे नवाच पेच आला. प्रतिपिंड हा रक्तात फिरणारा शिपाई. तो पेशीच्या बाहेर विषाणूला गाठतो. पण इथे किल्ली उघडी होते तीच पेशीच्या पोटात, पिशवी बंद झाल्यावर. शिपाई तेथे पोचणार कसा? २०१६ मध्ये चंद्रन आणि सहकाऱ्यांनी दुहेरी प्रतिपिंड तयार केले. त्याचे एक टोक बाहेरच विषाणूच्या अंगाला चिकटते, विषाणूबरोबर स्वतःही गिळले जाते, आणि आत गेल्यावर दुसरे टोक किल्ली किंवा कुलूप अडवून धरते. उंदरांमध्ये ही युक्ती लागू पडली. हंता विषाणूच्या अमेरिकेतील जातींनाही फुफ्फुसाच्या पेशीत शिरायला एक विशिष्ट प्रथिन लागते, हे या मंडळींनी २०१८ मध्ये दाखवले. ती कथा मोठी आहे, तूर्त बाजूला ठेवतो.

कारण त्याच पेचाचे एक उत्तर प्रयोगशाळेत तयार झालेले नव्हतेच. ते एका माणसाच्या रक्तात अनेक वर्षे पडून होते. तो माणूस काँगोतील किक्वित शहरचा.

१९९५ मध्ये किक्वितमध्ये इबोलाची साथ आली. तीनशेहून अधिक लोकांना लागण झाली, सुमारे अडीचशे मेले. तेथे डॉ. झां-झाक मुयेंबे यांनी बऱ्या झालेल्या रुग्णांचे रक्त आठ रुग्णांना दिले. त्यांतील सात जगले. पाश्चात्त्य तज्ज्ञांनी हा प्रयोग फारसा मनावर घेतला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हा त्यांचा आक्षेप शास्त्राला धरून होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु आक्षेप घेऊन गप्प बसणे आणि पुढे तपासून पाहणे यांत फरक आहे. पुढची पायरी चढायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला. त्या साथीतून वाचलेल्या एका माणसाचे रक्त लागण होऊन अकरा वर्षे झाल्यावर घेण्यात आले, आणि त्यातून अमेरिकेतील व स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी एक प्रतिपिंड वेगळे काढले. त्याला एमएबी-११४ असे नाव मिळाले. ते इबोलाला नेमके कोठे अडवते? पेशीच्या आत, आम्लाच्या पिशवीत, तलवार एनपीसी-१ ला भिडण्याच्या जागी. चंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या कुलपाचा शोध लावला त्याच्याच तोंडावर किक्वितच्या त्या माणसाच्या शरीराने आपला पहारा आधीच बसवलेला होता.

२०१८ ते २०२० या काळात काँगोच्या पूर्व भागात मोठी साथ आली. ३,४०० हून अधिक रुग्ण, २,२०० हून अधिक मृत्यू. आजूबाजूला गोळीबार चालू असताना, मुयेंबे यांच्याच पुढाकाराने, तेथे चार औषधांची रीतसर तुलना झाली. आधीच्या औषधावर २८ दिवसांत जवळजवळ निम्मे रुग्ण दगावले. एमएबी-११४ वर ३५ टक्के, आणि दुसऱ्या एका प्रतिपिंड-मिश्रणावर ३४ टक्क्यांच्या आसपास. दाखल होताना रक्तात विषाणूचे प्रमाण कमी असलेल्यांत तर दहातले जवळपास नऊ वाचले. २०२० मध्ये अमेरिकेने दोन्ही औषधांना मान्यता दिली. एमएबी-११४ चा परवाना अमेरिकी शासकीय संस्थेने मायामीच्या एका कंपनीला दिला.

आता येथून पुढचा भाग शास्त्राचा नाही, तो माझ्या पेशाचा आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इबोलाच्या रुग्णांना ही औषधे द्यावीत अशी शिफारस केली. परंतु मान्यता मिळाल्यानंतरच्या साथींमध्ये तीनपैकी एकाच रुग्णाला ती मिळाली आणि जगातील जवळपास सगळा साठा अमेरिकेच्या राष्ट्रीय गोदामात आहे, असे ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या संघटनेने २०२३ मध्ये सांगितले. ज्या देशात आजवर इबोलाच्या सर्वाधिक साथी आल्या, ज्या देशाच्या माणसाच्या रक्तातून औषध निघाले, ज्या देशाच्या रुग्णांवर ते तपासले गेले, त्या देशाच्या रुग्णाने औषधासाठी परदेशी गोदामाच्या किल्लीकडे पाहायचे. हा कोणता न्याय?

कायदा काय म्हणतो ते पाहा. १९७६ मध्ये जॉन मूर नावाच्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाची प्लीहा कॅलिफोर्नियात काढण्यात आली. डॉक्टरांनी त्याच्या पेशींपासून मौल्यवान वाण तयार केला आणि १९८४ मध्ये त्यावर पेटंट मिळाले. मूर न्यायालयात गेला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये निकाल दिला की, डॉक्टरने आपला आर्थिक हितसंबंध रुग्णाला सांगायला हवा होता, परंतु शरीराबाहेर पडलेल्या पेशींवर रुग्णाचा मालकी हक्क राहत नाही. म्हणजे पेशी ज्याच्या त्याची मालकी नाही, त्यावर काम करणाऱ्याची मात्र आहे. बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स या काळ्या स्त्रीच्या पेशी १९५१ पासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. तिच्या वारसांना एका कंपनीशी तडजोड करता आली ती २०२३ मध्ये, बहात्तर वर्षांनी.

मूर अमेरिकेचा नागरिक होता, त्याला निदान न्यायालयाची पायरी चढता आली. किक्वितच्या माणसाने कोणत्या न्यायालयात जायचे?

यावर काही जण प्रयोगशाळेलाच दोष देतात. मला ते मान्य नाही. चंद्रन यांच्यासारखे लोक दार शोधतात. ते काम मंद आहे, चिकाटीचे आहे, त्याचा मोठा भाग जनतेच्या पैशातून होतो, आणि २०२५ मध्ये अमेरिकेत अशा संशोधनाची शासकीय अनुदाने मोठ्या प्रमाणावर रद्द झाली तेव्हा नुकसान केवळ अमेरिकेचे झाले नाही. शोध लावणारा आणि शोधाला कुलूप लावणारा हे दोन वेगळे पक्षकार आहेत. दावा चालवायचा तो दुसऱ्यावर.

त्या दाव्याचे एक कागदपत्र आता तयार होत आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महामारी करार स्वीकारला. ज्या देशातून रोगजंतूंचे नमुने जातात त्यांना लाभाचा वाटा मिळावा, हे तत्त्व त्यात आले. महामारीच्या काळात करारात सामील उत्पादकांनी लसी व औषधांच्या चालू उत्पादनापैकी २० टक्के संघटनेला उपलब्ध करण्याचे उद्दिष्ट आहे, त्यात उत्पादनाच्या किमान १० टक्के दान म्हणून आणि उरलेले परवडणाऱ्या दराने. नमुने कसे द्यायचे आणि लाभ कसा वाटायचा याचा तपशील मात्र करार स्वीकारताना स्वतंत्र परिशिष्टावर सोडण्यात आला. माझा आक्षेप ‘दान’ या शब्दाला आहे. करारनाम्यात एका पक्षाने माल दिला आणि दुसऱ्याने मोबदला दिला तर त्याला कोणी दान म्हणत नाही, देणे म्हणतात. देणे थकले तर वसूल करता येते. दान मिळाले नाही तर तक्रारीला जागाच नसते. शब्द एकच, पण त्याच्यावर खटला उभा राहतो किंवा पडतो.

मुयेंबे यांना या शब्दांचा फरक पुस्तकातून शिकावा लागला नाही. १९७६ मध्ये यांबुकू येथे पहिली साथ आली, ३१८ पैकी २८० रुग्ण मेले. तेथे पोचलेल्या पहिल्या वैद्यकीय शास्त्रज्ञांत ते होते. हातमोजे न घालता त्यांनी रुग्णांचे रक्त काढले. आजारी पडलेल्या एका बेल्जियन जोगिणीला ते राजधानी किन्शासाला घेऊन आले, तिचे रक्त बेल्जियमला गेले, विषाणू तेथे सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, आणि नंतर अनेक वर्षे इबोलाच्या शोधाची जी हकिकत जगात सांगितली गेली तिच्यात त्यांचे नाव शोधावे लागत असे. २०१९ मध्ये पूर्वेकडील साथीच्या मोहिमेची सूत्रे त्यांच्या हाती आली. त्याच वर्षी त्यांनी जाहीर केले की या साथीत गोळा झालेले रक्ताचे नमुने काँगोबाहेर जाणार नाहीत. ज्याला त्यांचा अभ्यास करायचा असेल त्याने किन्शासाला, आमच्या संस्थेत यावे आणि आमच्याबरोबर बसून काम करावे.